कोणाच्या घराण्यातून आलं?

आपल्याकडे घरात कुणाला बायपोलर, म्हणजे कधी मॅनिया आणि कधी डिप्रेशन आणणारा मूडचा आजार, आहे असं कळलं की पहिले काही महिने गोळ्यांपेक्षा जास्त चर्चा एकाच गोष्टीची होते, हे आलं कुठून. आमच्याकडेही तेच झालं. दादाला मॅनियाचा पहिला मोठा एपिसोड आला तेव्हा तो नुकता नोकरीला लागला होता, झोप गेली, बोलणं थांबेना, एका आठवड्यात सगळी बचत उडवली, आणि तो जरा सावरतोय न सावरतोय तोच आत्यांनी आईच्या मामांचं नाव काढलं, ते म्हणे असेच ऐन सुगीत घर सोडून गेले होते. आईच्या माहेरचे तरी कशाला गप्प बसतील, त्यांनी आमच्या पणजोबांनी एका रात्रीत विकलेली जमीन काढली. आई या सगळ्यात एक शब्द बोलायची नाही. पण मला दिसत होतं की ती स्वतःलाच धरून बसलीये, गरोदरपणात काय खाल्लं, काय टेन्शन घेतलं, दादाला लहानपणी कधी जास्त मारलं का, इथपर्यंत.

मी मिरजेत एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते. बायपोलरवर लिथियम हे औषध घेणाऱ्या पेशंट्सचं सिरम लिथियम, म्हणजे रक्तातलं त्याचं प्रमाण, मोजायला आमच्याकडे येतं, शेवटच्या डोसनंतर बारा तासांनी घेतलेलं रक्त, आणि हिरव्या झाकणाच्या ट्यूबमध्ये अजिबात घ्यायचं नाही कारण त्यात लिथियम हेपॅरिन असतं आणि आकडा खोटाच वर जातो. ०.६ ते १ च्या आसपास असलं की ठीक, १.५ च्या वर गेलं की मी रिपोर्ट टाइप व्हायची वाट न बघता डॉक्टरांना फोन करते. म्हणजे या आजारातलं मोजता येणारं जे काही आहे त्यातली एवढीशी गोष्ट माझ्या हातातून जाते, आणि ती सुद्धा आजाराची नाही, औषधाची. बायपोलर आहे की नाही हे सांगणारी रक्ताची टेस्ट नाही, स्कॅन नाही. म्हणून मी वाचायला लागले की ज्या अवयवात हे घडतं तिथे लोकांनी नक्की काय मोजलंय.

तिथे मोजतात ते मुख्यतः जीन एक्स्प्रेशन, ते म्हणजे काय ते आधी सांगते, कारण घरी मला हेच सगळ्यात आधी समजवावं लागलं. शरीरातल्या जवळपास प्रत्येक पेशीकडे एकच पोथी आहे, तीच साधारण वीस हजार प्रोटीन बनवणारी जीन्स. पण लिव्हरची पेशी त्यातले वेगळे अध्याय वाचते, मेंदूची वेगळे, आणि कुठला अध्याय किती वेळा वाचला गेला ते आरएनए, म्हणजे वाचताना पेशीने काढलेल्या जीनच्या प्रती, मोजून कळतं. पोथी जन्माची, वाचन रोजचं. झोप, ताप, औषध, दारू, सिगारेट, भीती, सगळ्याने वाचन बदलतं. म्हणून रक्तातला डीएनए बघून दादाच्या मेंदूत आत्ता काय चाललंय ते कळत नाही, त्यासाठी मेंदूच हवा, आणि जिवंत माणसाच्या मेंदूचा तुकडा असा कोणी काढून देत नाही.

मग ही सगळी माहिती येते कुठून? मेलेल्या माणसांकडून. हे मी वाचलं त्या दिवशी मला पुढचं काही वाचवलं नाही.

अमेरिकेत टेड आणि वाडा स्टॅन्ली नावाचं एक श्रीमंत जोडपं होतं, त्यांच्या मुलाला कॉलेजात असताना बायपोलर झालं आणि तो लिथियमवर सावरला. त्यांनी या आजारांच्या संशोधनात पैसा घातला, आणि फुलर टोरी नावाच्या सायकॅट्रिस्टबरोबर मेंदूंचा एक संग्रह उभा राहिला. टोरींची बहीण स्किझोफ्रेनियाने आजारी होती. बाप, आई, भाऊ, ही सगळी माणसं मला अनोळखी वाटत नाहीत. त्या संग्रहातल्या पहिल्या संचात ६० मेंदू होते, स्किझोफ्रेनियाचे १५, बायपोलरचे १५, डिप्रेशनचे १५ आणि यातला कुठलाच आजार नसलेले १५. पुढचा संच १०५ चा, ३५-३५-३५. जगभरच्या लॅब्जना त्यातून तुकडे गेले आणि गेल्या पंचवीसेक वर्षांत बायपोलरच्या मेंदूबद्दल जे छापलं गेलं त्याचा फार मोठा भाग या थोड्या माणसांवर उभा आहे. पुढे २०१४ साली टेड स्टॅन्लींनी बॉस्टनजवळच्या ब्रॉड इन्स्टिट्यूटला ६५ कोटी डॉलर जाहीर केले.

पण पैशापेक्षा मला ती पद्धत आठवत राहते. माणूस जातो, बऱ्याचदा अचानक, बऱ्याचदा स्वतःच्या हाताने, आणि काही तासांच्या आत घरच्यांना कोणीतरी विचारतं की संशोधनासाठी मेंदू द्याल का. त्या अवस्थेत आई म्हणा, बायको म्हणा, हो म्हणते. मग नंतर कोणीतरी शांतपणे बसून तिच्याकडून माणसाचं आयुष्य विचारून घेतं, पहिला एपिसोड कधी, कुठल्या गोळ्या, किती वर्षं, सिगारेट, दारू, झोप. ग्राफवर जो एक ठिपका दिसतो ना, त्याच्या मागे एवढं असतं. पेपर वाचताना मी ठिपक्यांवरून घाईने पुढे जाऊ शकत नाही, आणि मला वाटतं कोणीच जाऊ नये.

आरएनए मोजणं डीएनएसारखं सोपं पण नाही. डीएनए टिकाऊ. आरएनए तोडणारी एन्झाइम्स आपल्या बोटांवर असतात, बेंचवर असतात, एक हातमोजा न घालता काम केलं की नमुना गेला. त्यात मृत्यूनंतर किती तासांनी मेंदू फ्रीजरला गेला, उणे ८० ला किती वर्षं होता, या सगळ्याचा परिणाम. आणि सगळ्यात मोठा परिणाम माणूस कसा गेला याचा. ताप, श्वास अडखळणं, व्हेंटिलेटरवरचे दिवस, असं होत होत मरण आलं तर मेंदूत लॅक्टिक आम्ल साठतं आणि पीएच खाली येतो, अचानक गेलेल्या माणसात तसं होत नाही. आणि पीएच खाली आला की शेकडो जीन्सचं वाचन बदलतं.

याच्यामुळे काय झालं त्याचं एक उदाहरण सांगते कारण मला ते फार महत्त्वाचं वाटतं. २००४ साली ख्रिस्टीन कॉनराडी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की बायपोलर असलेल्यांच्या हिप्पोकॅम्पसमध्ये, म्हणजे मेंदूच्या आठवणींशी जोडलेल्या भागात, मायटोकॉन्ड्रियाची, म्हणजे पेशीला ऊर्जा देणाऱ्या यंत्रणेची, कितीतरी जीन्स कमी वाचली जातायत, आणि स्किझोफ्रेनियात तसं नाही. वाचणाऱ्याला लगेच पटतं, हो की, मॅनियात ऊर्जा उतू जाते, डिप्रेशनमध्ये हात उचलवत नाही, म्हणजे ऊर्जेचाच घोटाळा. मला तर दादाच डोळ्यासमोर आला. पण पुढच्याच वर्षी जपानमधल्या तादाफुमी कातो यांच्या गटाने स्टॅन्ली संग्रहातले नमुने तपासून दाखवलं की या घसरणीचा बराचसा भाग औषधं आणि नमुन्याचा पीएच यांच्याशी जोडलेला आहे. मग ती ऊर्जेची गोष्ट खोटी का? तसंही नाही. मायटोकॉन्ड्रियाचे आनुवंशिक आजार असलेल्यांमध्ये मूडचे त्रास जास्त दिसतात हे डॉक्टरांना आधीपासून माहीत होतं, आणि २०१८ साली जपानमधल्याच संशोधकांनी स्किझोफ्रेनिया, बायपोलर आणि ऑटिझमच्या उंदरांच्या मॉडेल्समध्ये, ज्यांना सायकॅट्रीचं औषध कधी दिलेलंच नव्हतं, मेंदूचा पीएच कमी दाखवला. म्हणजे ज्याला आधी नमुन्यातला दोष म्हणून बाजूला काढलं तो कदाचित आजाराचाच एक तुकडा असेल. अजून हा वाद मिटलेला नाही आणि मला त्यात कमीपणा वाटत नाही, माणसं एका आकड्यावर वीस वर्षं भांडतायत कारण तो आकडा कुणाच्या तरी मेंदूतून आलाय.

२००३ साली केंब्रिजच्या सबिने बान यांच्या गटाने लॅन्सेटमध्ये वेगळीच गोष्ट मांडली होती. मेंदूतल्या तारांवर मायलिनचं आवरण घालणाऱ्या ऑलिगोडेन्ड्रोसाइट नावाच्या पेशी असतात, त्यांची जीन्स स्किझोफ्रेनिया आणि बायपोलर दोन्हीत कमी. तेव्हापासून एक गोष्ट परत परत येत राहिली की हे दोन आजार मेंदूत एकमेकांपासून तितके लांब नाहीत जितके फाईलवर दिसतात. २०१८ साली सायन्स नावाच्या नियतकालिकात याची मोठी मोजणी आली, आधी ७०० मेंदूंच्या नमुन्यांवर, ऑटिझम, स्किझोफ्रेनिया, बायपोलर, डिप्रेशन आणि दारूचं व्यसन एकत्र ठेवून, आणि मग त्याच वर्षी सायकएन्कोड प्रकल्पातून १६९५ जणांची. बायपोलर आणि स्किझोफ्रेनियातले बदल बरेचसे एकाच दिशेचे निघाले. आणि दुसरं म्हणजे एका जीनपासून आरएनएच्या वेगवेगळ्या कापणीच्या प्रती निघतात, नुसतं जीन किती वाचलं यापेक्षा कुठली प्रत निघाली यात आजाराचा ठसा जास्त दिसला.

दादाची पहिली फाईल एका दवाखान्यात स्किझोफ्रेनिया म्हणून झाली होती आणि नंतर दुसऱ्या डॉक्टरांनी बायपोलर केली. त्या मधल्या काळात त्याला लिथियम मिळालं नाही, याचा राग मला आहेच. पण हे पेपर वाचल्यावर मला एवढं कळलं की मॅनियात भास होत असलेल्या माणसाला समोर बसवून या दोन नावांत निवड करणं हे काम वाटतं तेवढं सरळ नाही, आणि मेंदू तर ती निवड करतच नाही.

बायपोलरवर खास म्हणावं असं मोठं काम २०२२ साली नेचर न्यूरोसायन्समध्ये आलं. पीटर झँडी आणि बाल्टिमोरच्या लीबर इन्स्टिट्यूटमधली मंडळी. २९५ माणसांच्या मेंदूंमधले ५११ नमुने, मेंदूतल्या दोन जागांचे. एक अमिग्डाला, जिथे भीती आणि भावनेची नोंद होते, दुसरी कपाळामागे खोल असलेली सिंग्युलेट कॉर्टेक्सची खालची पट्टी, जिच्यात खोल डिप्रेशनमध्ये इलेक्ट्रोड घालून बघायचे प्रयोगही झालेत. बायपोलर असलेल्यांमध्ये बहुतेक बदल कमी होण्याचे निघाले. दोन गट ठळक दिसले, एक प्रतिकारशक्ती आणि दाहाशी संबंधित जीन्सचा आणि दुसरा दोन पेशींच्या सांध्यावर, सिनॅप्सवर, निरोप घेणाऱ्या बाजूचा. यातलं पहिलं मला अनपेक्षित होतं. बायपोलरमध्ये रक्तात दाहाच्या खुणा वाढलेल्या सापडतात असं मी बरंच वाचलं होतं, मग मेंदूतही वाढलेलंच असणार असं वाटतं, आणि तिथे नेमकं उलट. मेंदूतल्या मायक्रोग्लिया पेशी नुसत्या जंतूंशी लढत नाहीत, सिनॅप्स छाटायचं, नीट ठेवायचं काम पण त्या करतात, त्यामुळे तिथलं कमी होणं आणि सिनॅप्सचं कमी होणं ही कदाचित एकच गोष्ट असेल.

पण हे सगळे फरक छोटे असतात, हे मला सगळ्यांना ओरडून सांगावंसं वाटतं. एखादं जीन बंद पडलंय, एखादं दुप्पट झालंय असं जवळपास कुठेच नाही. दहा टक्के कमी, पंधरा टक्के जास्त, असे बारीक बारीक फरक, शेकडो जीन्समध्ये. एक मेंदू हातात देऊन विचारलं की सांगा हा बायपोलरचा का, तर सांगता येणार नाही. शेकडो मेंदूंची सरासरी काढली की मगच फरक वर येतो.

आणि त्या फरकातलं कारण कुठलं आणि परिणाम कुठला? ज्यांचे मेंदू मोजले त्यांनी वर्षानुवर्षं लिथियम, व्हॅलप्रोएट, अँटीसायकोटिक घेतलेलं, एपिसोड सोसलेले, रात्र रात्र जागलेले. दादाच्या मेंदूत आज जे वाचलं जातंय त्यात आजार किती आणि रोज रात्रीची गोळी किती हे वेगळं कसं काढायचं? यावर संशोधकांनी काढलेला मार्ग मला फार आवडतो. डीएनए आधी आला, आजार नंतर. तेव्हा आधी डीएनएमधल्या अशा जागा शोधायच्या ज्या बायपोलर असलेल्यांमध्ये थोड्या जास्त सापडतात, आणि मग मेंदूंच्या नमुन्यात बघायचं की त्या जागेवर अमुक अक्षर असलं तर शेजारचं कुठलं जीन कमी-जास्त वाचलं जातं. तो परिणाम गोळ्यांनी आलेला असू शकत नाही, कारण अक्षर जन्मापासून आहे. झँडींच्या कामात बायपोलरच्या अशा जागांपैकी निम्म्याहून जास्त ठिकाणी हा धागा सापडला, आणि त्यातून एससीएन२ए, सोडियम चॅनलचं जीन, आणि ग्रिन२ए, ग्लुटामेटच्या रिसेप्टरचं जीन, अशी नावं पुढे आली. लॅमोट्रिजिन ही बायपोलरमधली नेहमीची गोळी सोडियम चॅनलवरच काम करते. म्हणजे आपण डिप्रेशन परत येऊ नये म्हणून वर्षानुवर्षं जिथे औषध देतोय, तिथेच डीएनए पण बोट दाखवतोय.

अशा जागा किती? २०२१ साली ६४ होत्या. २०२५ च्या जानेवारीत नेचरमध्ये दीड लाखाहून जास्त बायपोलर असलेल्यांचा अभ्यास आला, नेमका आकडा १,५८,०३६, त्यात २९८. यातली प्रत्येक जागा धोका अगदी किंचित हलवते. आणि त्या माझ्यात आहेत, आत्यांमध्ये आहेत, आमच्या लॅबच्या सरांमध्ये आहेत, थोड्याफार सगळ्यांमध्येच. दादाला आईकडून मूठभर मिळाल्या, बाबांकडून मूठभर, आणि त्या दोघांनाही स्वतःला आजार नाही. जुळ्यांच्या अभ्यासांवरून बायपोलरमध्ये आनुवंशिकतेचा वाटा ६० ते ८० टक्के धरतात, आकडा मोठाच आहे, पण तोच अभ्यास हे पण दाखवतो की हुबेहूब एकसारखा डीएनए असलेल्या जुळ्यांत एकाला असून दुसऱ्याला नसतो असं कितीतरी वेळा होतं.

हे मी एका रविवारी आईला बसवून सांगितलं. सगळं नाही, एवढंच की मामांकडून पण आलं, पणजोबांकडून पण आलं, आणि ज्यांच्याबद्दल कोणी कधी काही बोललं नाही त्यांच्याकडून पण आलं, आणि तो पोटात असताना तू काय खाल्लंस त्याचा या २९८ जागांशी काही संबंध नाही. ती बराच वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली, "आत्यांना सांग हे." मी सांगितलं. थोरल्या आत्याला पटलं नाही, धाकटी म्हणाली की तिच्या सासरी पण एक आहे, कोणाला सांगत नाहीत.

वहिनीचा प्रश्न वेगळा होता, तिला तिच्या मुलीची काळजी. तिला मी आकडा दिला, आई किंवा बापाला बायपोलर असेल तर मुलाला होण्याचा धोका साधारण ५ ते १० टक्के, इतरांच्या कैक पट आहे हे खरं, पण शंभरातल्या नव्वदांना होत नाही हे पण तितकंच खरं. आणि जीन टेस्ट करून हे कळणार नाही, आज तरी नाही, कोणी विकत असेल तर पैसे घालू नकोस. दादाच्या डॉक्टरांनी तिला झोपेकडे लक्ष ठेवायला सांगितलं, मोठी झाल्यावर, रात्री रात्री न झोपताही थकवा येत नसेल तर लगेच आणा म्हणून.

लिथियमबद्दल थोडं सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. १९४९ साली ऑस्ट्रेलियात जॉन केड यांनी मॅनियाच्या पेशंट्सना ते दिलं, का चालतं हे कोणालाच माहीत नव्हतं. १९९६ साली कळलं की ते जीएसके-३ नावाचं एन्झाइम दाबतं. आणि २०२२ साली बायपोलर असलेल्यांच्या जीन्समधले दुर्मीळ, पण जोरदार परिणामाचे बिघाड शोधताना एकेएपी११ हे जीन सापडलं, ज्याचं प्रोटीन त्याच जीएसके-३ ला जाऊन चिकटतं. डॉक्टर अंदाजाने पोचले होते तिथे सत्तरेक वर्षांनी डीएनए दुसऱ्या वाटेने येऊन पोचला. मी लिथियमचा रिपोर्ट सही करताना आता हे माझ्या मनात असतं.

माझी तक्रार एकाच गोष्टीची आहे. त्या दीड लाखात युरोपीय वंशाचे लोक आहेत, पूर्व आशियाई आहेत, आफ्रिकन अमेरिकन, लॅटिनो आहेत, आपला गटच नाही. आणि भारतात २०१७ च्या अंदाजाने ७६ लाख लोकांना बायपोलर आहे. मेंदूंच्या संग्रहांची तर गोष्टच सोडा. बंगळुरूला निम्हान्समध्ये मेंदूंची बँक आहे, १९९० च्या दशकापासून आहे, पण आपल्याकडे नेत्रदान माहीत आहे, देहदानाचे फॉर्म लोक हौसेने भरतात, मेंदूदान म्हटलं की ऐकणारा दचकतो. मानसिक आजार असलेल्याचा मेंदू म्हटलं तर अजूनच. घरात बारा महिने जो आजार लपवून ठेवायचाय त्याच्यासाठी कोण हो म्हणणार? आधी आजाराचं नाव मोठ्याने घेता आलं पाहिजे.

निम्हान्स आणि बंगळुरूच्याच एनसीबीएस, इनस्टेम या संस्थांनी मात्र एक काम सुरू केलंय, ज्या कुटुंबांत अशा आजाराचे अनेकजण आहेत त्यांचं रक्त घेऊन त्यातल्या पेशींना उलटं नेऊन स्टेम सेल करायच्या आणि त्यातून न्यूरॉन बनवायचे. म्हणजे मरायची वाट बघायची गरज नाही. परदेशात २०१५ साली सॉल्क इन्स्टिट्यूटमध्ये असे न्यूरॉन बनवून बघितले होते, बायपोलर असलेल्यांचे न्यूरॉन गरजेपेक्षा जास्त उत्तेजित निघाले, आणि लिथियम घातल्यावर शांत झाले ते फक्त अशा लोकांचे ज्यांना स्वतःला लिथियम लागू पडलं होतं.

हे मी दादाला सांगत होते तेव्हा त्याने मला मध्येच थांबवून विचारलं, "म्हणजे ताटलीतल्या पेशीला पण माहीत असतं का मला कुठली गोळी चालते?" मी म्हटलं हो, तसंच दिसलं. तो म्हणाला, "मग दोन वर्षं दुसऱ्या गोळ्या खाऊन बघायची गरज नव्हती. माझं रक्त घेतील का विचार की."

मी मेल लिहिलाय.